आज्याचं अर्धं बोट

जांभुळटोला, ता. साकोली, जि. भंडारा
२० एप्रिल

आदरणीय केशवदादा यांस,
धाकटी बहीण सत्यभामा हिचा सविनय जय भीम.

आपली प्रकृती, वहिनींची शुगर, आपले दोन्ही गुडघे (डावा जास्त, लक्षात आहे) आणि नागपूरचं ऊन हे सगळं आपापल्या जागी ठीक असेल अशी आशा करते. मोठ्या भावाला पत्रात 'आपण' म्हणायची रीत आहे, ती मी पाळली. आता पुढे 'तू' लिहिते, कारण 'आपण' लिहून मला भांडता येत नाही.

माझी तब्येत उत्तम. गेल्या मे महिन्यात तुझ्या घरी कूलरला ठेचाळून उजव्या पायाचा अंगठा फुटला होता, त्याचं नख आता पूर्ण आलं. (वहिनींनी हळद लावली होती. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला हळद! पण पाहुणी होते म्हणून गप्प बसले.) तू म्हणशील, फोन सोडून हिला पत्र कुठून सुचलं. तर फोनवर गैरसोयीचा विषय निघाला की तू 'आवाज कटून राहिला, आवाज कटून राहिला' म्हणतोस, आणि मागून तुझ्या टीव्हीवरच्या बातम्या मला स्वच्छ ऐकू येतात. चौदा तारखेला जयंतीला येशील का विचारलं तेव्हाही आवाज कटला होता. पत्राचा आवाज कटत नाही. शिवाय हे रजिस्टर आहे, पोचपावतीसकट, म्हणजे 'मिळालंच नाही' ही सोयही गेली.

तर विषय आहे कोठीच्या भिंतीचा. चार वर्षांत तू गावी फिरकला नाहीस, म्हणून आधी हालहवाल सांगते. कोठी उभी आहे. मालगुजाराच्या नातवांनी पुण्याला फ्लॅट घेतले आणि कोठी बागेसकट ग्रामपंचायतीला देऊन मोकळे झाले, ते तुला माहीत आहे. जिथे मालगुजार गादीवर लोळायचा तिथे आता अंगणवाडीची पोरं लोळतात आणि दिवाणजीच्या खोलीत ग्रामसेवक बसतो (बसतो म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी, तेही नेट असलं तर). बागेत चार आंबे राहिले, पेरूच्या म्हणजे आपल्या जामाच्या जुन्या बुडातून फुटलेलं एक झाड आहे, बाकी सगळं गाजरगवत. आणि सभोवती ती भिंत. दीड पुरुष उंच, हातभर रुंद, चपट्या लाल विटांची, माथ्यावर मालगुजाराने रिकाम्या केलेल्या विलायती बाटल्यांच्या काचा रोवलेली. शंभर वर्षं झाली तिला. संध्याकाळच्या उन्हात त्या हिरव्या काचा अजून चमकतात आणि मला अजून त्या काचांचा राग येतो. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुला वाटायचं की म्हातारपणी बहिणीला मालगुजारीचा पुळका आला.

आपला सरपंच म्हणजे भूषण, किराणावाल्यांचा. पोरगा वाईट नाही. बीसीजीपासून धनुर्वातापर्यंत त्याच्या सगळ्या सुया मीच टोचल्या आहेत, त्यामुळे सभेत मी उठले की त्याचा हात आपोआप दंडाकडे जातो. पण यंदा तो कुठल्याशा शहरात 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव अशी माणसाएवढी लाल अक्षरं पाहून आला. आत दिवे लागणारी, लोक पुढे उभे राहून फोटो काढतात ती. तेव्हापासून त्याची झोप उडाली. जांभुळटोल्यावर आपलं प्रेम आहे हे लोखंडात लिहून लावायचं, आणि त्याला जागा पाहिजे म्हणून कोठीची भिंत पाडायची, तिथे सिमेंटचे ठोकळे, मधे अक्षरं. कामाचं नाव सौंदर्यीकरण. (नळाला पाणी दिवसाआड येतं. पण प्रेम आधी.) ठरावात कारण लिहिलं, भिंत धोकादायक आहे. ओव्हरसियरचा तसा अहवाल जोडला. तो ओव्हरसियर आला त्या दिवशी मी अंगणवाडीच्या दारात उभी होते आणि मी या डोळ्यांनी पाहिलं, माणूस गाडीतून उतरलाच नाही. गाडीची काच चार बोटं खाली केली, त्या फटीतून भिंत तपासली, काच वर केली आणि गेला.

मार्चमधल्या ग्रामसभेत मी उठले आणि म्हणाले, भिंत पाडू देणार नाही. सभेत हसू फुटलं. टिकाराम (तोच, तुझ्या वर्गातला, गणिताच्या पेपरात तुझं पाहून लिहायचा आणि तुझ्याहून जास्त मार्क घ्यायचा) मोठ्याने म्हणाला, 'काहून जी बाई, तुमच्या आज्याले तं त्या फाटकातून आत पाय ठेवू देत नोहोते, अन् तुमीच त्या भिंतीसाठी भांडून राहिल्या?' टिकारामचं मी मनावर घेत नाही. पण मग आपला विनोद उठला. विहार समितीचा सेक्रेटरी झाला आहे आता, चांगला शिकला, मुद्द्याचं बोलतो. म्हणाला, 'आत्या, थे भिंत आपल्याले बाहेर ठेवाले बांधली होती. पडली तं पडू दे. मी तं पेढे वाटीन.' टाळ्या पडल्या. आणि दादा, खरं सांगते, टाळ्या पडाव्यात असंच तो बोलला होता, माझेही हात शिवशिवले. तरी मी खाली बसले नाही. म्हटलं, 'बांधाले लावली त्याईनं, बरोबर हाये. पण बांधली कोनं?'

हे तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. आपला आजा, डोमाजी. तू त्याला पाहिलं नाहीस, मीही नाही, दीक्षेच्या दोन वर्षं आधीच तो गेला. त्याचा फोटो नाही. सही कुठे नाही, कारण लिहिता येत नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यात तो किती होता हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही. तीन उन्हाळे तो तलावाच्या पोटात उकिडवा बसून धानाचा कोंडा मातीत मळत होता आणि या भिंतीच्या विटा थापत होता. प्रत्येक थापणाऱ्याची आपली एक खूण असायची. साच्यातून ओली वीट निघाली की आजा तिच्या पाठीवर उजव्या हाताची तीन बोटं दाबायचा. आणि त्याची खूण कुणाला चोरता येत नव्हती, कारण त्याचं मधलं बोट अर्धं होतं (धान कापताना विळ्याने गेलेलं). दोन लांब ठसे आणि मधे एक आखूड. भिंत पुरी झाली आणि त्याच भिंतीच्या आत पाऊल टाकायची त्याला बंदी झाली, तेव्हा आजी रडली आणि आजा हसला, असं बाबा सांगायचे. म्हणाला, मालगुजाराचे त्या बागेत दोन पाय फिरतात, माझे तं हजार हात उभे हायेत. दादा, मला आज्याकडून एवढी एकच इस्टेट आली आहे. लोखंडी अक्षरांसाठी ती मी सोडणार नाही, मग भूषणने 'आय लव्ह' पुढे माझं नाव लिहिलं तरी.

हे सगळं सभेत सांगितलं. भूषण म्हणाला, 'दाखवा ना बाई.' आणि इथेच घोडं पेंड खातं. ठसा असतो विटेच्या पाठीवर, आणि रचताना गवंडी ती बाजू चुन्यात घालतो, चुना धरून बसावा म्हणून. बाहेरून शंभर वेळा पाहा, आजा दिसत नाही. ठसा दाखवायचा तर भिंत फोडावी लागते, आणि भिंत वाचवायची तर ठसा दाखवावा लागतो. शेवटी भूषणने (पोरगा वाईट नाही म्हटलं ना) दोन अटी घातल्या आणि ग्रामसेवकाकडून लिहून घेतल्या. तशी खूण असलेली वीट आणायची, आणि ती याच भिंतीतून निघाली हे सभेत उभं राहून सांगणारा माणूस आणायचा, जो मी स्वतः नसेन. एक मेच्या ग्रामसभेत हे झालं तर ठराव मागे. नाही झालं तर दोन मेला जेसीबी. मी 'आणतो' म्हणून ठसक्यात खाली बसले. बसल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे वीट नाही आणि माणूसही नाही.

आधी कागदाचा मार्ग धरला. जुन्या वास्तू सांभाळणारं एक मोठं ऑफिस असतं, तिथे चार पानी अर्ज केला. उत्तर आलं, हे मान्य करायला पाहिजे, बाराव्या दिवशी आलं. भिंत यादीत नाही, यादीत घ्यायची असल्यास नकाशा, फोटो आणि मालकाचं संमतिपत्र जोडावं. मालक कोण? ग्रामपंचायत. म्हणजे बकरा सोडवायचा तर आधी खाटकाची सही आणा. तो कागद मी घडी करून ठेवला आणि शेवंताबाईला हाक मारली.

शेवंताबाई म्हणजे आपल्या शेजारची, कोष्ट्यांची. इतिहासाशी तिला काही घेणं नाही. तिच्या गोवऱ्या चाळीस वर्षं त्या भिंतीवर वाळतात आणि सिमेंटच्या ठोकळ्यावर गोवरी धरत नाही असं तिचं ठाम मत आहे. 'एवढी तापनारी भिंत दुसरी कुठी हाये वो गावात?' असं ती सगळ्यांना विचारत फिरते, आणि माझ्या सगळ्या भाषणापेक्षा बायकांवर त्याचाच परिणाम जास्त झाला. तर दुपारी एक वाजता, गाव पंख्याखाली आडवं झालेलं असताना, आम्ही दोघी निघालो. टिकारामकडून पहार म्हणजे आपली सब्बल आणली होती, लिंबाचं रोप लावायचं आहे असं सांगून. (पंचशीलातलं चौथं शील मोडलं, कबूल. त्याच संध्याकाळी विहारात जाऊन बसले.) शेवंताबाईने छत्री माझ्यावर धरायची असं ठरलं होतं, ती स्वतःवर धरून उभी राहिली. पाऊण तास मी घाव घातले. त्या काळचा चुना तो, त्यात सुरखी, गूळ, बेलफळाचा चीक, उडदाचं पीठ, काय काय कालवलेलं. विटेपेक्षा टणक झाला आहे. भिंतीतून चिमूटभर पांढरी धूळ निघाली, माझ्यातून बादलीभर घाम निघाला, आणि सब्बल वाकली. ज्या भिंतीला धोकादायक म्हणून लिहिलं तिने टिकारामची सब्बल वाकवली, पण हे सांगायचं कुणाला?

मी ऐकणार नव्हतेच. वाकलेल्या सब्बलीने भिंतीच्या कडेकडेने ठोकत गेले. मागच्या कोपऱ्यात, जामाच्या झाडासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर एका सांध्यात सब्बल अशी शिरली जशी भाकरीत बोटं. हिसका दिला. वीट बाहेर, मी पाठीवर, पाठीखाली शेवंताबाईची छत्री. 'मेली वो, मेली!' म्हणून तिने जी बोंब ठोकली तिने अर्धं गाव उठून आलं (ती छत्रीबद्दल बोलत होती). मी पडल्या पडल्याच वीट उलटून पाहिली. बोटं नाहीत. कारखान्याची वीट, पोटात इंग्रजी अक्षरं, बाकी विटांहून लहान आणि फिकी, भोवती सिमेंट थापून जागा भरलेली. (ही परकी वीट तिथे कुणी बसवली आणि कशामुळे बसवावी लागली, हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. पत्राच्या या भागात मी त्यावर एक शब्द बोलणार नाही.) लोक भोवती उभे. भिंत वाचवायला निघालेली बाई भिंतीला भोक पाडून धुळीत पडली आहे, शेजारी मोडकी छत्री आणि टिकारामची वाकडी सब्बल. टिकाराम पुढे आला, सब्बल उचलली, डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहिला आणि म्हणाला, 'लिंबू लय खोल लावत होत्या वाटते बाई.'

तिसऱ्या दिवशी मला पंचायतीची नोटीस आली. 'गावातील ऐतिहासिक भिंतीचे नुकसान केल्याबद्दल लेखी खुलासा करावा व भोक पूर्ववत करून द्यावे.' दादा, नीट वाच. ठरावात जी धोकादायक होती ती माझ्या नोटिशीत ऐतिहासिक झाली! मी त्याच दिवशी साकोलीला जाऊन नोटीस लॅमिनेट करून आणली. भिंत ऐतिहासिक असल्याचा सहीशिक्क्याचा कागद आज गावात फक्त माझ्याकडे आहे, आणि तो मी भोक पाडून मिळवला आहे.

त्यानंतर घरं धुंडाळली. मोठ्या पुराच्या वर्षी भिंतीचा तलावाकडचा तुकडा पडला होता आणि त्या विटा लोकांनी उचलून नेल्या, हे आठवलं. लसीकरणाच्या क्रमाने गावातली घरं मला तोंडपाठ आहेत, तशीच निघाले. (मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी बायका अजून पोरांना माझं नाव सांगून जेववतात. तीन घरी मी अंगणात आले तशी पोरं मागच्या दाराने पळाली.) कुणाच्या विटा चुलीत जळून काळ्या झालेल्या, कुणाच्या गोठ्यात सिमेंटखाली गेलेल्या. शेवटी अख्खी मोकळी वीट सापडली ती टिकारामच्याच घरी, न्हाणीत. त्याची मंदाबाई तिने टाचा घासते. 'तीस वर्सं झाले बाई, याच इटेनं घासून राहिली मी. असी इट नाई भेटत आता.' मी वीट हातात घेतली आणि उलटली. पाठ गुळगुळीत, पाटावरवंट्यासारखी. तीस वर्षांत आज्याचा हात मंदाबाईच्या टाचांखाली झिजून गेला होता. कडेला एक खळगा उरला होता, बोटाचा असेल, नसेलही. मी त्यात बोट घालून तिथेच न्हाणीच्या दगडावर बसले आणि मला रडू आलं. लपवलं नाही. मंदाबाई घाबरली. तिने माझ्या हातातली वीट घेतली, साबणाने धुतली, पदराने पुसून परत दिली आणि म्हणाली, 'घेऊन जा बाई, मी दगडानं घासीन.' मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी बऱ्याच भेटी दिल्या, पण तिचं ते देणं मी विसरणार नाही. (टाचा मात्र पाहण्यासारख्या आहेत. पासष्टीच्या बाईच्या अशा टाचा मी नोकरीत कुठे पाहिल्या नाहीत.) भूषणने वीट बराच वेळ फिरवून पाहिली आणि हळूच म्हणाला, 'बाई, हा तं खड्डा हाये.' खोटं नव्हता बोलत तो.

तर इथलं असं आहे. एक मेला अकरा दिवस उरले. उन्हाळी धान बरं आहे, आंबा यंदा कमी, माझा रक्तदाब एकशे तीस. मन मोकळं करायला कुणी नाही म्हणून हे लिहिलं, तुझ्याकडून मला काहीही नको आहे. वहिनींना जय भीम. तुझी नात प्रतिक्षा हिला आशीर्वाद. पोरगी गुणाची आहे, तिला रागावू नकोस. का रागावायचं ते पुढे येईल.

तुझी बहीण,
सत्यभामा

ता. क. एक गोष्ट राहिली. मंदाबाईच्या न्हाणीतून निघताना माझा तोच अंगठा उंबऱ्याला लागला आणि मला एकदम तुझं घर आठवलं. कूलरला ठेचाळले असं मी वर लिहिलं, ते अर्धंच खरं. मी ठेचाळले ती तुझ्या कूलरच्या मोडक्या पायाखाली लावलेल्या विटेला. चपटी, लाल, कडेला चुना. 'हे काय आणि इथे' म्हणून मी कळवळले तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, यांच्या गावची आहे, फेकू देत नाहीत. दादा, आई गेल्यावर जुनं घर उतरवलं तेव्हा कोनाड्यातली ती वीट तू टॉवेलात गुंडाळून नेलीस. बसच्या खिडकीत ती छातीशी धरून बसला होतास, डोळे पुसत होतास, आज्याची एवढीच खूण म्हणत होतास. आणि तू ती कूलरखाली घातलीस!

दुसरा ता. क. उठून पाहायला जाऊ नकोस, ती तिथे नाही. बारा तारखेला मी प्रतिक्षाला फोन केला (तिचा आवाज कटत नाही). तू दुपारी झोपला होतास तेवढ्यात तिने वीट काढली. कूलरखाली सध्या तुझ्या निरोप समारंभात मिळालेली ढाल आहे, मापात बरोबर बसली म्हणते. आठवडा झाला, तुझ्या लक्षात आलं नाही. आधी तिने फोटो पाठवला. दोन लांब आणि मधे एक आखूड, अगदी बाबा सांगायचे तसं. मी आपली तीन बोटं त्यावर ठेवायला गेले तर मोबाइलवर फोटो मोठा मोठा होत गेला आणि आजा स्क्रीनमध्ये मावेना. काल तिच्या साकोलीच्या मैत्रिणीने वीट प्रत्यक्ष आणून दिली. पंख्याने कागद उडतो म्हणून हे सगळं पत्र मी तिच्या वजनाखाली धरून लिहिलं आहे. विनोदला बोलावून दाखवली. त्याने त्या अर्ध्या बोटात आपलं बोट ठेवलं आणि म्हणाला, 'आत्या, वरच्या काचा तं काढू ना?' म्हटलं, काढू. पहिली काच मीच काढतो.

तिसरा ता. क., आणि खरं काम हेच आहे. वीट झाली, माणूस राहिला. ती वीट भिंतीतून निघताना पाहिलेली माणसं दोनच. एक मी, सहा वर्षांची, फ्रॉकची झोळी करून जाम झेलायला खाली उभी. माझं चालत नाही. दुसरा तू, दहा वर्षांचा, पाय ठेवायला खोबण पाहिजे म्हणून आठ दिवस खिळ्याने चुना कोरणारा, काचांवर पोतं टाकून आत उतरणारा. दिवाणजी आला तेव्हा तू झाडावर पानांत बसून राहिलास आणि झोळीभर जाम घेऊन मी सापडले. भिंत या पोरीने फोडली असं गावभर झालं. आईने दिवाणजीसमोर मला दोन थापडा दिल्या. मी तुझं नाव सांगितलं नाही. अठ्ठावन्न वर्षं झाली, अजून सांगितलं नाही. मालगुजाराने त्या जागी कारखान्याची वीट बसवली, आणि तू घरी लपवलेली वीट बाबांना सापडली. त्यांनी ती उलटून पाहिली, कुणाला काही बोलले नाहीत, धुऊन कोनाड्यात ठेवली. तर एक मेला सकाळी दहा वाजता ग्रामसभेत उभं राहून तुला एक वाक्य बोलायचं आहे: 'वीट मी काढली, सत्यभामानं नाई काढली.' आवाज कटता कामा नये. साकोलीपर्यंत बस आहे, पुढे विनोद मोटरसायकल घेऊन उभा राहील. भोक मी उघडंच ठेवलं आहे. पंचायत म्हणते पूर्ववत करा, तर ते तुझ्या हाताने व्हायचं आहे. गुडघ्याच्या उंचीवर आहे, तुला खाली बसावं लागेल, उठवायला मी आहे. चुना भिजत घातला आहे. एकदा वीट बसली की ठसा आत जाईल आणि मग तो तुला, मला, कुणालाच दिसणार नाही, म्हणून आधी थोडा वेळ त्याच्यावर हात ठेवून बस. मी मधे बोलणार नाही.

चौथा ता. क. येताना बळकट पिशवी आण. मालगुजाराची वीट तुझ्यासाठी धुऊन ठेवली आहे. अठ्ठावन्न वर्षं ती आज्याच्या जागेवर बसली होती, आता तुझ्या कूलरखाली बसेल. थोडी लहान पडेल, वर पुठ्ठा घाल.